चीवराबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वर्षावास (पावसाळ्यात भिक्षू तीन महिने एका जागी राहतात तो काळ) संपत आला की विहारात चीवरदानाची, म्हणजे भिक्षूंना वस्त्रं देण्याची गडबड सुरू होते आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात, रंग कुठला आणायचा, तुकडे का जोडलेले असतात, आपण उपासक पांढरं का घालतो वगैरे. व्हॉट्सअपवर फिरणारी बरीच उत्तरं ग्रंथात नाहीतच. म्हणून विनयपिटकात (भिक्षूंच्या नियमांचा पाली ग्रंथ) आणि सुत्तांमध्ये (बुद्धांच्या उपदेशांमध्ये) काय आलंय ते इथे एका जागी लिहून ठेवतोय. बहुतेक गोष्टी विनयपिटकातल्या महावग्गाच्या आठव्या भागात, म्हणजे चीवरक्खंधकात आहेत, बाकीच्या जिथून घेतल्या तिथे तसं सांगितलंय.

चीवर म्हणजे एकच कपडा का?

नाही, तीन. कमरेला गुंडाळतात ते अंतरवासक, अंगावरून घेतात तो उत्तरासंग आणि तिसरी संघाटी, ती दुहेरी कापडाची असते, थंडीत पांघरायला. भिक्षुणींना याशिवाय दोन जास्त, छाती झाकणारी संकच्चिका आणि अंघोळीची उदकसाटिका. अष्टपरिस्कार दान म्हणतो ना आपण, त्यातल्या आठ वस्तूंपैकी तीन ही चीवरंच, मग भिक्षापात्र, कमरपट्टा, सुई, वस्तरा आणि पाणी गाळायचं फडकं. त्या आठात सुई आहे हे विसरू नका, कारण चीवर शिवणं, ठिगळ लावणं हे भिक्षूनं स्वतः करायचं काम होतं.

तीनच का? चार का नाहीत?

याची गोष्ट फार सुंदर आहे. राजगृहाहून वैशालीला जाताना बुद्धांनी बघितलं की भिक्षू डोक्यावर गाठोडं, खांद्यावर गाठोडं, कमरेवर गाठोडं असे कपडे लादून चाललेत. त्यांना वाटलं, ही माणसं फार लवकर साठवण्याकडे वळली. पण लगेच नियम काढला नाही. वैशालीला गोतमक चैत्यापाशी ऐन थंडीत, हिम पडतं त्या दिवसांत, ते रात्रभर उघड्यावर बसले, अंगावर एक चीवर. रात्रीचा पहिला प्रहर सरताना थंडी वाजायला लागली तेव्हा दुसरं घेतलं, मधला प्रहर संपला तेव्हा तिसरं आणि पहाटेच्या आधी चौथं. मग सकाळी भिक्षूंना सांगितलं की थंडी सहन न होणारी माणसंसुद्धा एवढ्यात भागवू शकतात, म्हणून दुहेरी संघाटी, एकेरी उत्तरासंग, एकेरी अंतरवासक. संघाटीचे दोन पदर धरले की थर चारच होतात.

मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की आकडा कुठल्या गूढ संख्येवरून आलेला नाही. तीन चीवरं म्हणजे त्रिशरण, तीन चीवरं म्हणजे शील-समाधी-प्रज्ञा असं कुणी सांगतं, लक्षात ठेवायला ठीक आहे, पण विनयात आकडा आलाय तो एका माणसानं स्वतःच्या अंगावर थंडी घेऊन केलेल्या हिशोबातून.

मग चीवराला काही प्रतीकात्मक अर्थ आहे की नाही?

आहे, पण तो वरून चिकटवलेला नाहीये. मज्झिम निकाय या सुत्तांच्या संग्रहातल्या सब्बासव सुत्तात चीवर कशासाठी वापरायचं ते सरळ सांगितलंय: थंडीपासून, उन्हापासून, डास-माश्या, वारा, सरपटणारे प्राणी यांच्यापासून बचाव आणि लज्जारक्षण, बस. भिक्षू रोज चीवर वापरताना हेच मनाशी म्हणतात. नटण्यासाठी नाही, मोठेपणासाठी नाही. अर्थ तयार होतो तो कापड कुठून आलं, कसं कापलं, कुणात वाटलं आणि फाटल्यावर त्याचं काय केलं यातून. पुढचे प्रश्न वाचलेत की लक्षात येईल.

काषाय, म्हणजे चीवराच्या रंगाचा अर्थ काय? अग्नीचा रंग, त्यागाचा रंग म्हणतात ते खरं का?

त्यागाची खूण म्हणून तो रंग बुद्धांच्या आधीपासून श्रमण-परिव्राजकांमध्ये होताच, त्यामुळे ते चूक नाही. अग्नीचं मात्र विनयात काही नाही. तिथे आहे ती रंगाऱ्याच्या कामाची माहिती. भिक्षू आधी शेणानं आणि पिवळ्या मातीनं चीवर रंगवायचे, रंग खराब यायचा, तेव्हा बुद्धांनी सहा प्रकारचे रंग चालतील म्हणून सांगितलं: मुळांचे, खोडाचे, सालीचे, पानांचे, फुलांचे, फळांचे. मग रंग उकळायचा कसा, झाला की नाही ते थेंब टाकून बघायचं कसं, कापड वाळत घालायचं कसं, इतक्या बारीक गोष्टी आहेत. आणि पूर्ण निळं, पूर्ण पिवळं, पूर्ण लाल, काळं असं भडक एकरंगी चीवर नको, कारण लोक म्हणायला लागले की हे तर संसारात मजा मारणाऱ्यांसारखे दिसतात.

म्हणजे झाडपाल्यातून जो मातकट तपकिरी-पिवळसर रंग येईल तोच. म्हणूनच देशोदेशी तो वेगळा दिसतो. थायलंडच्या अरण्यवासी परंपरेत फणसाच्या लाकडाचा गाभा उकळून रंग काढतात तर तो गडद तपकिरी-पिवळा येतो, तिबेटी भिक्षूंचा मरून, कोरियात करडा, जपानमध्ये काळासुद्धा. आपल्याकडे दुकानात जो झगझगीत केशरी मिळतो तो म्हणजेच खरा आणि बाकीचे चुकीचे असं समजू नका प्लीज, यावरून विहारात वाद झालेले बघितलेत आणि वाईट वाटतं.

चीवर तुकडे जोडून का शिवतात? अख्खं कापड स्वस्त पडत नाही का?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हा. बुद्ध राजगृहाहून दक्षिणागिरीकडे चालले होते, वाटेत मगधाची भातशेती दिसली. बांध घातलेले, लांब पट्टे, आडवे पट्टे, बांध एकमेकांना छेदून झालेले चौकोन. त्यांनी आपला शिष्य आनंद याला विचारलं, ही शेतं दिसतायत का, भिक्षूंसाठी असं चीवर करता येईल का? आनंद म्हणाला, येईल. परत आल्यावर त्यानं बरीच चीवरं तशी बेतून शिवली आणि आणून दाखवली. बुद्धांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं की मी थोडक्यात बोललो आणि यानं सगळं बरोबर ओळखलं. प्रत्येक भागाला नाव दिलंय, लांब पट्टी ती कुसी, अर्धी ती अड्ढकुसी, मोठा चौकोन मंडल, छोटा अड्ढमंडल, मानेपाशी येतो तो गीवेय्यक, पोटरीपाशी येतो तो जंघेय्यक. पुढच्या वेळी भंतेजींचं चीवर वाळत घातलेलं दिसलं तर जवळून बघा, शेताचा नकाशा दिसेल.

कापण्याचं कारणही तिथेच दिलंय. कापलेलं कापड शस्त्रानं बिघडवलेलं असतं, श्रमणाला शोभतं आणि चोराला त्याचा मोह होत नाही. अख्ख्या भारी कापडाला बाजारात किंमत असते, तुकडे केले की ती जाते. दान म्हणून कितीही उंची वस्त्र आलं तरी ते अंगावर येण्याआधी त्याची किंमत कात्रीनं संपवायची, हा नियम आहे. राजानं दिलेलं कापड आणि गरिबानं दिलेलं कापड शिवून झाल्यावर एकाच शेतासारखं दिसतं. माझ्या मते चीवराचा सगळा अर्थ या कापण्यात आहे, रंगात नाही.

जपानमध्ये झेन भिक्षू वापरतात त्या केसा वस्त्रावर आजही हीच शेताची शिवण असते. मगधाचं शेत तिथवर गेलं.

आजकाल तयार चीवरांवर नुसत्या शिलाई मारलेल्या रेषा असतात, कापलेलं नसतंच. ते चालतं का?

विनयाप्रमाणे बघायचं तर कापून जोडलेलं हवं. कापड अपुरं पडत असेल तर वरून पट्टी लावायची सवलत आहे. दान देणार असाल तर कापून शिवलेलं आहे ना एवढं बघून घ्या, आणि खरंतर आधी भंतेजींनाच विचारा काय कमी आहे, बऱ्याचदा चीवर पुष्कळ पडलेली असतात आणि स्वेटर किंवा औषध हवं असतं.

स्मशानातल्या चिंध्यांचं चीवर ही खरी गोष्ट की दंतकथा?

खरी. उकिरड्यावर, रस्त्यात, स्मशानात टाकून दिलेलं कापड वेचून, धुऊन, जोडून जे होतं ते पांसुकूल. सुरुवातीला सगळे तेच वापरायचे. बदल झाला तो जीवकामुळे. राजवैद्य जीवकानं उज्जयिनीच्या प्रद्योत राजाला बरं केलं, राजानं त्याला सिवेय्यक नावाचं फार उंची वस्त्र पाठवलं. जीवकाला वाटलं हे वापरायची योग्यता एकतर बुद्धांची नाहीतर मगधराज बिंबिसाराची, तिसऱ्या कुणाची नाही. त्यानं ते बुद्धांना दिलं आणि सोबत विनंती केली की भिक्षूंना गृहस्थांनी दिलेलं चीवर घ्यायची परवानगी असू द्या. ती मिळाली, पण ज्याला पांसुकूल हवं त्यानं ते वापरावं, ज्याला गृहस्थांचं हवं त्यानं ते घ्यावं, मिळेल त्यात समाधान मानणाऱ्याचं मी कौतुक करतो, अशी. बातमी राजगृहात पसरली आणि एका दिवसात हजारो चीवरं जमली असं महावग्ग सांगतो. लोक वाटच बघत होते जणू.

बुद्धांचा शिष्य महाकस्सप याची गोष्ट संयुत्त निकाय या सुत्तांच्या दुसऱ्या संग्रहात आहे. वाटेत झाडाखाली बसायला त्यानं आपली संघाटी चौपदरी घडी करून अंथरली, बुद्ध बसले आणि म्हणाले मऊ आहे रे. तो लगेच म्हणाला, घ्या भगवान. मग मी काय वापरू म्हणत बुद्धांनी स्वतःचं झिजलेलं तागाच्या चिंध्यांचं पांसुकूल त्याला दिलं. कस्सप पुढे आयुष्यभर ती देवाणघेवाण आपला सर्वात मोठा मान म्हणून सांगायचा. उंची वस्त्र मिळालं म्हणून मान नव्हे, चिंध्या मिळाल्या म्हणून.

रेशमी चीवर चालतं का?

चालतं. सहा प्रकारची कापडं सांगितलीत, जवसाच्या धाग्याचं, सुती, रेशमी, लोकरीचं, तागाचं आणि भांगेच्या धाग्याचं. आपल्या उन्हाळ्यात मात्र सुती द्या, पॉलिस्टरमध्ये भंतेजींचे हाल होतात.

नवीन चीवराच्या कोपऱ्यावर छोटा ठिपका का असतो?

नियम आहे, विनयातल्या पाचित्तिय नावाच्या नियमांमध्ये. नवं चीवर वापरण्याआधी त्यावर निळसर, चिखलाचा किंवा काळपट डाग लावायचा. कोरं करकरीत असं काही अंगावर घ्यायचंच नाही. शिवाय चीवरं एकत्र झाली तर आपलं ओळखता येतं.

सुत्तांमध्ये कपड्याची उपमा कुठे आलीये?

बऱ्याच ठिकाणी, पण वाचायचं तर वत्थूपम सुत्त वाचा, मज्झिम निकायातलं सातवं, छोटंसं आहे. मळलेलं कापड रंगाऱ्यानं कुठल्याही रंगात बुडवलं, निळा, पिवळा, लाल, तरी रंग नीट चढत नाही, स्वच्छ कापडावर चढतो. मनाचं तसंच. मग सोळा मळ मोजून दाखवलेत, लोभ, द्वेष, क्रोध, वैर, मत्सर, कपट, गर्व, प्रमाद असे. गंमत अशी की त्याच सुत्ताच्या शेवटी एक ब्राह्मण बाहुका नदीच्या स्नानानं पाप धुतलं जातं का म्हणून विषय काढतो आणि बुद्ध त्याला सांगतात की खोटं बोलत नसशील, हिंसा करत नसशील, न दिलेलं घेत नसशील तर गयेला जाऊन काय करायचंय, तुझ्या घरचं आडाचं पाणीही गयाच आहे. म्हणजे कापड धुणं आणि माणूस धुणं यातला फरक एकाच सुत्तात.

आणि धम्मपद तर या बाबतीत फार कडक आहे. मनातला मळ न काढता, संयम आणि सत्य नसताना जो काषाय वस्त्र घालतो तो त्या वस्त्राच्या लायकीचा नाही, असं नवव्याच गाथेत येतं. पुढे 307व्या गाथेत गळ्यात काषाय घातलेल्या पुष्कळ पापी लोकांबद्दल आहे. उलट 142व्या गाथेत म्हटलंय की दागिने-कपडे घालून नटलेला माणूसही शांत, संयमी असेल, कुणाही जीवाला दुखवत नसेल तर तोच श्रमण, तोच भिक्षू. ज्या संघाची ओळख चीवरावरून होते त्याच्याच ग्रंथात चीवराबद्दल एवढं परखड लिहिलंय, हे मला फार मोठं वाटतं.

मग कपडे पूर्ण सोडून का दिले नाहीत? त्या काळी निर्वस्त्र साधू होतेच की.

होते, निगंठ (जैन साधू) होते, आजीवक पंथाचे होते. एका भिक्षूनं तशी परवानगी मागितली होती, नग्नता ही अल्पेच्छतेला मदत करते असा त्याचा मुद्दा. बुद्धांनी साफ नकार दिला. गवताची, सालीची, लाकडाच्या ढलप्यांची, केसांच्या घोंगडीची, घुबडाच्या पिसांची, मृगचर्माची वस्त्रंही नको म्हणाले, कारण ती त्या त्या पंथांची ठळक खूण होती. एका बाजूला राजासारखं नटणं आणि दुसऱ्या बाजूला शरीराला छळणं, दोन्ही टाळून साधं झाकलेलं अंग.

एक खांदा उघडा ठेवायचा की दोन्ही झाकायचे?

आदर दाखवताना उत्तरासंग एका खांद्यावर करायचा, उजवा खांदा उघडा, हे वाक्य सुत्तांमध्ये जागोजागी येतं, कुणी बुद्धांना प्रश्न विचारायला उठलं की आधी हे करून मग हात जोडतं. गावात भिक्षेला जाताना मात्र दोन्ही खांदे झाकून, सगळीकडून सारखं, व्यवस्थित नेसून जायचं. यावरून ब्रह्मदेशात 18व्या शतकात भिक्षूंमध्ये मोठा वाद चालला आणि शेवटी राजा बोदवपयानं दोन्ही खांदे झाकणाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला.

जुनं झालेलं चीवर टाकून द्यायचं का?

याला उत्तर आनंदानं देऊन ठेवलंय, विनयपिटकातल्याच चुल्लवग्गाच्या अकराव्या भागात. कोसंबीला उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरं दिली. राजा वैतागला, एवढ्यांचं हा करणार काय, दुकान टाकणार का? भेटून विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची झिजलीत त्यांना वाटणार. मग त्यांच्या जुन्यांचं? पांघरुणं. जुन्या पांघरुणांचं? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवर अंथरायला. मग त्याचं? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचं? फडकी. आणि फडकी फाटली की? कुटून चिखलात कालवून जमीन लिंपणार. राजा इतका खूश झाला की आणखी पाचशे दिली. आपल्या आज्यांच्या घरात लुगड्याची गोधडी आणि गोधडीचं पोतेरं व्हायचं, त्यामुळे मराठी माणसाला ही गोष्ट समजवावी लागत नाही.

कठीण चीवरदान आणि साधं चीवरदान यात फरक काय?

साधं चीवर वर्षभर कधीही देता येतं. कठीण चीवर वर्षावास संपल्यानंतरच्या एका महिन्यातच, म्हणजे आश्विन पौर्णिमा ते कार्तिक पौर्णिमा, आणि ज्या विहारात भिक्षूंनी वर्षावास पूर्ण केला तिथे संघाला, वर्षातून एकदा. त्यामागे तीस भिक्षूंची गोष्ट आहे, ते बुद्धांना भेटायला श्रावस्तीला निघाले, वाटेत साकेतला पावसाळा लागला, तीन महिने अडकले आणि संपल्याबरोबर चिखल-पाण्यातून भिजलेल्या चीवरांनी जाऊन पोचले. कापड मिळालं की दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत कापून, शिवून, रंगवून पूर्ण करायचं असतं, त्यामुळे सगळ्या भिक्षूंना एकत्र बसावंच लागतं. तयार चीवर संघ आपल्यातल्या एकाला, बहुतेकदा ज्याचं फार जुनं झालंय त्याला देतो.

मला एका ठराविक भंतेंनाच चीवर द्यायचंय, चालेल ना?

चालतं. पण एकदा महाप्रजापती गोतमीची गोष्ट वाचा, दक्खिणाविभंग सुत्तात. ज्या माऊलीनं बुद्धांना अंगावर पाजून वाढवलं तिनं स्वतः सूत कातून, स्वतः विणून नवीन वस्त्रांची जोडी आणली आणि तुम्हीच घ्या म्हणाली. बुद्ध म्हणाले, गोतमी, संघाला दे, संघाला दिलंस की माझाही मान होईल आणि संघाचाही. तिनं तीनदा विनंती केली, तीनदा तेच उत्तर. आनंदानंही मध्ये पडून आठवण करून दिली की हिनं तुम्हाला वाढवलंय. तेव्हा बुद्धांनी व्यक्तीला दिलेलं दान आणि संघाला दिलेलं दान यातला फरक सविस्तर सांगितला, संघाचं दान वरचं. आता आपल्याकडे ज्यांचं नाव मोठं त्यांच्यापुढे चीवरांचा ढीग आणि गावातल्या छोट्या विहारातल्या भंतेंकडे एक जोडी, असं होतं. ते बदलावं असं मनापासून वाटतं.

महाराष्ट्रात चीवरदानाचा जुना पुरावा आहे का?

आहे आणि तो दगडात कोरलेला आहे. नाशिकच्या त्रिरश्मी बुद्ध लेण्यांत (पांडवलेणी म्हणतात तीच) दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. त्यानं लेणं संघाला दिलं आणि सोबत 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले. ठेवले कुठे, तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे), 2000 एकीकडे, 1000 दुसरीकडे. 2000 वर महिन्याला शेकडा एक व्याज, म्हणजे वर्षाला 240, आणि ते वर्षावासाला राहणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी. हिशोब अगदी जुळतो, करून बघा. 1000 वर महिन्याला पाऊण टक्का, ते भिक्षूंच्या इतर खर्चासाठी. मुद्दल कधी परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, आणि हे सगळं निगमसभेत (नगराच्या सभेत) वाचून दाखवून नोंदवलं असंही लिहिलंय. विणकरांकडेच पैसे ठेवले म्हणजे कापड विणणारे, पैसे ठेवणारा आणि कापड वापरणारे एकमेकांना बांधले गेले. कान्हेरीच्या लेखांतही चीवरासाठी ठेवलेल्या रकमा आहेत. नाशिककरांनो, घराजवळ आहे, मुलांना घेऊन जा आणि हा लेख दाखवा.

आपण उपासक पांढरं का घालतो? ते बाबासाहेबांनी सुरू केलं का?

14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत आले, बाबासाहेब पांढरं रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून होते, महास्थवीर चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील घेतलं, हे आपल्याला माहीतच आहे. पण पांढरं वस्त्र त्याच्याही फार आधीचं आहे. पाली सुत्तांमध्ये गृहस्थ उपासकांना शुभ्र वस्त्रं घालणारे असंच म्हटलेलं सापडतं. महावच्छगोत्त सुत्तात वच्छगोत्त नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की भिक्षू-भिक्षुणी सोडा, तुमच्या पांढरी वस्त्रं घालणाऱ्या, घरात राहणाऱ्या उपासक-उपासिकांपैकी कुणी काही साधलंय का? उत्तर येतं, एक-दोन नाही, पाचशेहूनही खूप जास्त.

ज्या माणसांना कुठला कपडा कसा घालावा, नवा घालावा की नाही हेसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी सांगितलं, त्यांनी त्या दिवशी स्वतः धुतलेलं पांढरं लुगडं, पांढरा सदरा घालून त्या जुन्या शब्दात आपली जागा घेतली. माझ्यासाठी नागपूरचं पांढरं आणि वच्छगोत्ताच्या प्रश्नातलं पांढरं एकच आहे. पांढरी साडी नसेल म्हणून कुणी विहारात यायचं टाळत असेल तर मात्र तसं करू नका, असा कुठलाही नियम नाही.

मुलगा दहा दिवसांच्या श्रामणेर (नवशिक्या भिक्षूंच्या) शिबिरातून आलाय, चीवर घरी आणलंय, त्याचं काय करू?

घरात शोकेसमध्ये ठेवू नका आणि साधा कपडा म्हणूनही वापरू नका. स्वच्छ धुऊन विहारात नेऊन द्या, पुढच्या शिबिरात दुसऱ्या मुलाला उपयोगी पडेल. फाटलं असेल तर मुलालाच सुई-दोरा द्या आणि ठिगळ लावून मग पाठवा.